पडद्याबाहेरचं भांडण

चि. धाकटे,

थोरलीचे आशीर्वाद. तू बरी आहेस असं धरून चालते, कारण बरी नसतीस तर एव्हाना झाडून सगळ्या नातेवाइकांना कळलं असतं. पोट साफ होतंय का? कानातलं यंत्र कानात घालतेस, की अजून डबीत जपून ठेवून लोकांनाच मोठ्याने बोलायला लावतेस? आमच्याकडे सगळे ठीक. मुलगा कामावर जातो, सून शाळेत शिकवायला जाते आणि मी दोघांच्या मागे घर जागेवर आहे ना ते बघते. घसा तेवढा बसलाय. का बसला, ते सविस्तर सांगते, तू पाय वर घेऊन बस.

आमच्या इमारतीत सध्या संशोधन चालू आहे. बायकांच्या आरोग्याचं काम करणारी एक संस्था आहे, तिच्या दोघीजणी घरोघर फिरून म्हाताऱ्या बायकांना प्रश्न विचारतात. एक उंच आहे, तिला मी उंच म्हणते. दुसरीच्या हातात वजनकाटा असतो, ती वजनवाली. घरातल्या पुरुषांना सांगायचं की हाडांची पाहणी आहे. हाडांचं विचारतातही. पण मधले प्रश्न निराळेच: घरात कोणी अंगावर ओरडतं का, जेवण अडवतं का, हात उगारतं का, बाहेर पडू देत नाही का. हे विचारताना खोलीत तिसरं माणूस नको, असा त्यांचा कडक नियम. आणि मध्येच कोणी टपकलं, तर वाक्य अर्ध्यावर सोडून गुडघ्यांवर उडी मारायची, हा दुसरा. माझी पाळी होती तेव्हा नेमकी सून चहा घेऊन आली. उंच म्हणत होती, ‘तुमच्यावर घरातल्या कोणी कधी...’ आणि सुनेला बघून त्याच सुरात म्हणाली, ‘...मांडी घालून बसता येतं का?’ सून दिवसभर विचारात होती, की हिच्यावर कोण मांडी घालून बसणार. (मी काही खुलासा केला नाही. कधीमधी तिने विचार केलेला चांगला.)

मुद्दा वरचीचा आहे. वरची म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारी, माझ्याच वयाची. मुलगा आणि ती, दोघंच. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. बोलायला इतका गोड, की जिन्यात भेटला तर माझी पिशवी घेऊन वर येतो आणि ‘आजी, सावकाश’ म्हणतो. त्याच्या शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात म्हणे, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक त्याच्या. घरात त्याने दोन्ही आपल्याकडे ठेवलेत. बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी (आई विसराळू आहे, गॅस चालू राहील). तिची कवळी त्याच्या कपाटात, जेवायच्या वेळी काढून द्यायची, जेवण झालं की परत (आई विसराळू आहे, हरवेल). विसराळू! माझी कुठली चादर कुठल्या धुण्यात फाटली तेसुद्धा या बाईला पाठ आहे. पण दाताशिवाय ती कोणाशी बोलत नाही, तोंडावर हात धरून नुसती मान हलवते. सुट्टीच्या दिवशी तो तिला कपडे वाळत घालायला गच्चीवर सोडतो. मागे एकदा हात वर करताना तिची बाही सरकली. दंडावर चार बोटं उमटलेली होती. पाचवं मागच्या बाजूला असणार. मी विचारलं, हे काय? तिने टॉवेलला चिमटा लावला आणि पुढचा टॉवेल घेतला.

तर या वरचीला प्रश्न विचारायला उंच गेली, ओळख करून द्यायला मी बरोबर. मुलगा समोरच खुर्ची ओढून बसला. आईला काही सुचत नाही, मला विचारा, म्हणाला. उंचने गुडघे विचारले, त्याने सांगितले. झोप विचारली, ती सांगितली. मग हा उठावा म्हणून उंच एकेक पायरी खाली उतरत गेली: पाळी कधी बंद झाली, अंगावरून जातं का, खोकताना लघवी होते का. धाकटे, दुसरा कुठलाही पुरुष असता तर गॅलरीत जाऊन समोरची झाडं मोजत बसला असता. हा पठ्ठ्या प्रत्येकाचं उत्तर देत होता, वर गर्भाची पिशवी आत आहे का बाहेर आलीय तेही सांगून मोकळा झाला. आणि जिची पिशवी, ती तोंडावर हात धरून भिंतीकडे बघत होती.

खाली आल्यावर उंच म्हणाली, पुरुष येऊच शकणार नाही अशी जागा एकच, तपासणीचा पडदा. संस्थेने तळमजल्यावरच्या हॉलमध्ये बायकांची तपासणी ठेवली. फाटकावर पाटी लागली, तीत दातांचीही तपासणी होईल असं मुद्दाम घातलं, म्हणजे कवळी कपाटातून निघणार. अडचण एवढीच, की पडदा म्हणजे भिंत नव्हे. आतलं कुजबुजणंसुद्धा रांगेत ऐकू येतं आणि हा तर दारात उभा राहणार हे ठरलेलं. मी म्हटलं, आवाजाचं माझ्यावर सोडा.

मी आणि सुनेने ठरवून भांडायचं, असा बेत केला. विषय ठरला अंघोळीचं गरम पाणी. स्वयंपाकघरात तालीमही झाली, पण सून सारखी हसायची आणि ‘अहो आई, मला नाही जमणार’ म्हणायची. मला काळजी, ही ऐन वेळी गप्प बसते की काय. प्रत्यक्षात वरची पडद्याआड गेली, उंच तिच्या मागे गेली, मी वजनकाट्यावर चढले आणि म्हटलं, या घरात मला गरम पाणी मिळत नाही. तर ही बाई पाण्यात पाय न घालता थेट लग्नाच्या दिवसापासून निघाली! मी घासलेली भांडी तुम्ही पुन्हा का घासता. माझ्या आईला पाहुण्यांसमोर ‘बोलकी’ कोण म्हणालं. शाळेतून आले की घड्याळाकडे का बघता. वर्गात पाठीमागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आहे तिचा, हॉलच्या खिडक्या वाजत होत्या. मलाही चेव आला. मी ओरडले, उपाशी ठेवतात मला, उपाशी! (वजनकाट्यावर उभं राहून हे बोलायला नको होतं. वजनवालीने एकदा काट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.) एवढ्यात तो मुलगा ‘आजी, सावकाश, सावकाश’ करत पडद्याच्या दिशेने आत यायला लागला. सून तशीच गरकन वळली, ‘बायकांची तपासणी चाललीय, तुम्हाला लाज नाही वाटत?’ आणि रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्या त्याच्यावर अशा तुटून पडल्या, की तो फाटकाबाहेर जाऊन थांबला. पडदा सरकेपर्यंत आम्ही थांबलो नाही.

चूक एवढीच झाली, की हा बेत वजनवालीला सांगायचा राहिला. तीच संस्थेची समुपदेशक निघाली. दुसऱ्या दिवशी घरी हजर, चेहरा एकदम मऊ. मला खोलीत नेलं, दार लोटलं आणि आजी, घाबरू नका, म्हणाली. बाहेर माझा मुलगा हवालदिल. आपल्या आईला आपण उपाशी ठेवतो हे त्याला इमारतीतून कळलेलं, त्यामुळे तो दर थोड्या वेळाने काहीतरी खायला घेऊन आत यायचा आणि वजनवाली दर वेळी माझ्या गुडघ्यांवर जायची. मी तिला सगळं खरं सांगितलं, की भांडण लटकं होतं. ती मान हलवून म्हणाली, आधी सगळ्याच असं म्हणतात. मग तिने सुनेला एकटीला खोलीत घेतलं. बराच वेळ घेतलं. वजनवाली बाहेर आली ती माझ्याकडे निराळ्याच नजरेने बघायला लागली आणि जाताना माझ्या हातात कागद देऊन गेली: घरातल्या माणसांशी बोलताना आवाज कसा खाली ठेवावा. आता बोल!

वरचीने पडद्याआड काय सांगितलं, ते उंच काही केल्या सांगेना. एवढा घसा फोडून मला काहीच कळू नये, याला काय म्हणायचं? शेवटी गच्चीवर वरचीनेच सांगितलं, आणि तोंडावरचा हात काढून, दात घालून सांगितलं. तपासणीहून वर गेल्यावर मुलाने कवळी मागितली, तर ही म्हणाली, डॉक्टरांनी ठेवून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी खोटं बोलली. उशीच्या अभ्र्यात दडवली होती. उंचने तिला विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय? ती म्हणाली, कडी आतून असलेलं घर. पोलिसांकडे जायचं का, तर आत्ता नको. संस्थेच्या आधारघरात तिला नेऊन दाखवलं, तपासणीचं निमित्त करून. माणसं चांगली आहेत म्हणाली, पण दिवे बंद करायची वेळ तिथेही दुसरंच कोणीतरी ठरवतं. भावाकडे जावं तर तो मुलाला फोन करतो. त्यामुळे जायचं ठरलंय, कुठे ते ठरलेलं नाही. उंच म्हणते, घाई कोणी करायची नाही, ठरवायचं तिने. बाकी सगळं क्षेम. तब्येतीला जप, उगाच पथ्य करू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. : भांडण लटकं होतं असं वर लिहिलंय. सुनेने वाचलं आणि म्हणाली, गरम पाण्यापुरतं लटकं होतं.

ता. क. दुसरा : तुझी मागची खोली रिकामी आहे. तिला आतून कडी आहे, मी स्वतः लावून झोपलेय. तुला घरात पाहुणं माणूस सोसत नाही हे मला माहीत आहे, म्हणून एवढं लांबण लावलं, नाहीतर पहिल्याच ओळीत मागितली असती.

ता. क. तिसरा : पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या बाईने ते हातात दिलं, ती अजून दारात उभी असेल, कारण कोणी या म्हटल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही. बरोबर उंच आहे. तू नाही म्हणालीस तर दोघी परत फिरतील, वरचीला तशी कल्पना दिलेली आहे. ती म्हणाली, विचारून बघायला काय हरकत आहे. मी तिला सांगितलंय, माझी बहीण नाही म्हणत नाही, फक्त कुरकुर करते. तर कुरकुर कर, पण तिला आत घेऊन कर.