चार बोल्टांची बैठक

॥ श्री ॥
धार, १० सप्टेंबर २०२५

ती. सौ. आक्कासाहेब यांस,
गणोजीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन करता आणि मला एक अक्षर कळत नाही, याचा राग धरू नये. आयुष्यभर ग्राइंडर कानाशी चालवला, आता फोनमध्ये नुसती माशी गुणगुणते. म्हणून हे पत्र राजवीरच्याच हाती देतो आहे. तो फोडून वाचेल ही भीती नाही. हिंदी शाळेत शिकलेला तुमचा मुलगा माझं अक्षर पाहिलं की डोळे चोळतो आणि म्हणतो, मामा, ये तो पूरा जनम लगेगा.

तुम्हाला ज्याची धास्ती होती ते झालं आहे. त्यानं विंच आणलं. म्हणजे जीपच्या नाकावर बसणारी मोटरची चरखी. तिच्या तारेनं अडकलेली गाडी खेचून काढायची. नालछाच्या पुढे मांडवच्या घाटात पावसात गाड्या रस्ता सोडून खाली उतरतात, त्या तो आणि त्याचा दोस्त भूपेंद्र जाऊन काढतात. लोक दुवा देतात. मला नाही म्हणवलं नाही.

विंच धरून ठेवणारी, एवढ्या जुन्या जीपला बसेल अशी तयार बैठक बाजारात मिळत नाही. इंदूरच्या दुकानदारानं एक दाखवली, ती मी हातात घेऊन परत ठेवली. तिची वेल्ड पाहून मला ती विकत घेणाऱ्याच्या घरच्यांची कीव आली. मीच करतो आहे. बंपर उतरवला तेव्हा कळलं की चेसिसचं डावं टोक कुठल्याशा जुन्या ठोकरीनं तीन मिलिमीटर खाली बसलं आहे. दुसरा कुणी वॉशर भरून मोकळा झाला असता. मी टोक तापवून सरळ केलं, मग पुठ्ठ्याचा साचा कापला, तो मनासारखा बसेना तेव्हा पुन्हा कापला. प्लेट आठ मिलिमीटरची, पीथमपुरच्या भंगारातून स्वतः निवडून आणली. भोकं ड्रिलनं पाडली. गॅसनं भोक पाडणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही, माफ करा.

आता मुख्य गोष्ट. बैठक चेसिसला वेल्ड करणार नाही, चार बोल्टांवर ठेवणार. बोल्ट असे बेतले आहेत की नेहमीच्या खेचण्यात त्यांना काही होणार नाही. पण दरीतलं वजन उलट जीपलाच ओढू लागलं, तर आधी बोल्ट तुटावेत. विंच जाईल, जीप राहील. भूपेंद्र म्हणाला, भिया, बोल्टवाला काम मतलब जुगाड़. मी हसून सोडलं. त्याच्या वयात मलाही जाड तेवढं चांगलं वाटायचं.

दाजीसाहेबांना मुजरा. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नये.

आपला,
गणोजी

॥ श्री ॥
देवास, १५ सप्टेंबर २०२५

चि. गणोजीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. राजवीरनं आल्या आल्या पुढे टाकलं आणि विचारलं, मामा ने मेरी बुराई लिखी क्या? मी म्हटलं, चार पानं भरून. तेव्हापासून मला लाडीगोडी लावतो आहे, तर त्याला काही सांगू नकोस.

पण ते पत्र मी दोनदा वाचलं. बोल्ट तुटावेत, असं तू स्वतःच्या हातानं लिहितोस? मला तुझी यंत्रविद्या कळत नाही. मला एवढं कळतं की जी गोष्ट तुटायची म्हणून बसवली ती तुटणार, आणि तुटेल तेव्हा समोर माझा मुलगा असेल. शेजारच्या अनन्यानं मला मोबाईलवर दाखवलं, तार सुटून एका माणसाच्या अंगावर आली. मी पुढचं पाहिलं नाही.

ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलंच नाही. मोतीबिंदूमुळे सगळं मीच वाचून दाखवते, तेव्हा एवढं लपवणं सोपं गेलं. वाचलं असतं तर पहिल्या बसनं धारला येऊन तुझ्या कारखान्यात उभे राहिले असते.

आई गेल्यावर तुझं जेवणखाण, आजारपण मी पाहिलं. त्याचा हिशेब मी कधी मांडला नाही. आज पहिल्यांदा मागते. ते पक्कं कर. वेल्ड कर, जोड कुठे आहे ते दिसू नये असं कर. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. आणि खंडेनवमीला जीप इथे पूजेला पाहिजे, हत्यारांबरोबर तिलाही हार घालायचा आहे. नवमीला तू कशाला हात लावणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून आधीच उरक.

रागावू नकोस. रागावलास तरी जेवून घे.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
धार, २८ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आक्कासाहेब यांस,
शि. सा. न. वि. वि.

शपथ पोचली. काम झालं आहे, उद्या जीप घेऊन राजवीर निघतो आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा बैठक चार बोल्टांवर बसली होती, प्राइमर वाळला होता. बोल्ट काढले. रंग खरवडून पत्रा पांढरा केला. दोन्ही अंगांनी वेल्ड चढवली, वर मागून दोन पट्ट्या चेसिसच्या पोटापर्यंत नेऊन त्याही जोडल्या. आता ही बैठक गाडीपासून निराळी करायची तर गाडीच कापावी लागेल. वेल्डवर बोट फिरवून पाहावं, जोड सापडणार नाही.

एकदाच लिहितो आणि विषय मिटवतो, माझा विचार निराळा होता. पण शपथ घातलीत. आणि घातलीत म्हणून हात आखडून काम केलं असं मात्र नाही. माझ्या हातून कच्चं होत नाही, ही खोड आहे म्हणा.

एक तुम्ही करा. खेचण्याआधी जीप मागून झाडाला किंवा खडकाला साखळीनं बांधायची, चाकाखाली दगड लावून भागवायचं नाही, हे त्याला बजावा. मी सांगितलं तर मान हलवतो आणि मोबाईल पाहतो. तुमचं ऐकेल.

पूजेचा प्रसाद त्याच्याबरोबर पाठवावा. अशीच आठवण काढत राहावी.

आपला,
गणोजी

देवास, २७ ऑक्टोबर २०२५

गणोजी,

वर काही लिहायला हात होत नाही, समजून घे.

तू दहाव्याला आलास आणि दारातच उभा राहिलास. ह्यांनी आत ये म्हटलं ते तुला ऐकू गेलं नाही की तू ऐकलं नाहीस, कळलं नाही. बायका भोवती होत्या, मला बोलता आलं नाही.

काल भूपेंद्र आला होता. त्याचा हात अजून गळ्यात आहे. ह्यांनी त्याला सगळं विचारलं. लसणाची पोती भरलेली पिकअप घाटात रस्त्याखाली उतरली होती. तिच्यातली माणसं केव्हाच वर येऊन चहा पीत होती. आत कुणी नव्हतं, गणोजी. फक्त लसूण. झाड लांब होतं, साखळी पुरेना, म्हणून चाकाखाली दगड लावले. मी बजावलं होतं. हो आई म्हणाला होता. पिकअप अर्धी वर आली आणि खालची ओली माती गेली. जीप फरफटत निघाली. भूपेंद्रनं ओरडून सांगितलं, कूद जा. राजवीर ब्रेकवर उभा राहिला, उतरला नाही.

मग भूपेंद्र ह्यांना म्हणाला की क्रेननं जीप वर काढली तेव्हा सगळी चपटी झाली होती, पण मामाची बैठक जशीच्या तशी होती, एक टाका हलला नव्हता. त्यानं ते तुझं कौतुक म्हणून सांगितलं. हे म्हणाले, ती हलली असती तर? मी आत चहा ठेवला होता, तो उतू गेला.

तू बोल्ट लावले होतेस. मी काढायला लावले. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही, तू मनानंच वेल्ड केलीस असं ते समजतात आणि कालपासून तुझं नाव घेऊन बोलतात. मला ऐकवत नाही. मी त्यांना सांगणार आहे. ते सांगितल्याशिवाय घास घशाखाली जाईल असं वाटत नाही. फक्त तू एवढं सांग, बोल्ट असते तर तुटले असते का? तू कधी अंदाजानं बोलत नाहीस, म्हणून विचारते.

आक्का

धार, ३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. आक्कासाहेब यांस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र दाजीसाहेबांना मोठ्यानं वाचून दाखवावं, ही विनंती. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

बोल्ट तुटले असते. हिशेब मी पुन्हा मांडून पाहिला, त्यात शंका नाही.

पण बोल्ट काढले ते मी, आणि माझ्या मर्जीनं. भूपेंद्रनं माझ्या कामाला जुगाड़ म्हटलं होतं. ते मी हसून सोडलं असं तुम्हाला लिहिलं, प्रत्यक्षात सोडलं नव्हतं. कालचं पोर माझ्या कामाला जुगाड़ म्हणतं, हे डोक्यात बसलं. तुमचं पत्र मिळण्याच्या आधीच मी वेल्ड चढवली होती. नंतर तुम्ही तेच मागितलंत, तेव्हा तुमचा शब्द राखला असं लिहायला मला बरं वाटलं. प्राइमर, खरवडणं वगैरे लिहिलं ती सजावट. तेव्हा तुमच्या मागण्यानं काही घडलं नाही. तुम्ही ते पत्र पाठवलंच नसतं तरी गाडी अशीच गेली असती.

दाजीसाहेबांनी माझ्याबद्दल जे मनात धरलं आहे ते बरोबर आहे. त्यांनी आणखी कुठे शोधू नये.

माझ्या लिहिण्यात आजवर कुणी चूक काढलेली नाही. हे पत्रही तसंच धरावं. आणि आक्कासाहेब, दोन घास खावेत.

गणोजी

देवास, १२ नोव्हेंबर २०२५

चि. गणोजीस आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. तू सांगितलंस तसं, पहिल्या ओळीपासून. मध्ये मी थांबले नाही.

ते म्हणाले, गणोजीनं या घराची पायरी पुन्हा चढू नये, आणि त्याच्या घरचं पाणी आपल्यातलं कुणी पिऊ नये. मी हूं म्हटलं. तेव्हा येऊ नकोस. पुढच्या भाऊबीजेलाही येऊ नकोस. पत्रही आता पाठवू नकोस, ते विचारतील कुणाचं.

राजवीर नवमीच्या आधी जीप घेऊन आला, त्या दिवशी जेवताना हसत होता. म्हणाला, आई, तेरी कसम ने मामा का सारा काम उलटा कर दिया, बोल्ट निकाले, कलर घिसा, और दो दिन किसीसे बात नहीं की. हे तेव्हा बाहेरच्या खोलीत होते.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगणार नाही.

मी जेवते आहे.

आक्का