मामाच्या सदऱ्याचा वास

आई,

मामा प्यायलेला नव्हता. हे आधी लिहून टाकते, नाहीतर बाकीचं लिहिता लिहिता माझा धीर सुटेल. तुझा धाकटा भाऊ त्या रविवारी सोलापुरात, भवानी पेठेतल्या आपल्या दारात उभा होता, तेव्हा त्याच्या पोटात दारूचा थेंबही नव्हता. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली, त्याला जाऊन त्याहून कितीतरी जास्त. आणि मला हे कळलं यंदा, साठी ओलांडल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात वाइन करताना. हो, वाइन. ज्या मुलीला तू खोकल्याचं औषधसुद्धा आधी स्वतः हुंगून मगच द्यायचीस, तिनं.

तुझी नात पुण्याला नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी इटलीहून येताना तिला एक खोकं आणून दिलं होतं. घरच्या घरी इटालियन पद्धतीची रेड वाइन करायचं सगळं सामान त्यात होतं. आटवलेल्या द्राक्षरसाची जाड पिशवी, यीस्टची पुडी, ओक लाकडाचे बारके तुकडे, रबरी नळी, आणि रसात तरंगवून घनता मोजायचं काचेचं यंत्र. संक्रांतीला आली तेव्हा तिनं ते ओट्यावर ठेवलं नि म्हणाली, “आई, एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंस, तूच कर. मला कुठं वेळ आहे?” मी नाहीच म्हणणार होते. आपल्या घरात हा विषयही कधी निघत नाही. पण ते काचेचं यंत्र हातात घेतलं आणि इतक्या वर्षांनी प्रयोगशाळेत उभं राहिल्यासारखं वाटलं. प्यायची नाहीच, नुसता प्रयोग करायचा, असं स्वतःला सांगितलं. कायद्यात बसतं का, हेही विचारलं नाही. बादली उकळत्या पाण्यानं धुतली, रस ओतला, पाणी घातलं, वर यीस्ट भुरभुरलं. दुसऱ्या दिवशी झाकणात बसवलेल्या नळीतल्या पाण्यातून बुडबुडे यायला लागले. रोज सकाळी मी घनता मोजून वहीत लिहीत होते. बोटसुद्धा चाटलं नाही.

दोन आठवड्यांनी तळाचा गाळ सोडून वरचा रस काचेच्या मोठ्या बरणीत काढायचा होता. सकाळभर मी तेच करत बसले. नळी हातातून निसटली, गाउनवर सांडलं, फरशीवर सांडलं, ते पुसलं, पुन्हा नळी लावली. बारा वाजता हे भाजी घेऊन आले. दारातच थबकले. माझ्याकडे असे पाहत राहिले, की तसं त्यांनी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं.

“तू घेतलीस?”

“काहीतरीच काय!”

“तोंडाला वास येतोय.”

“तोंडाला नाही हो, गाउनला आहे,” मी म्हणाले. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अगदी हेच. हातातली बादली मी खाली ठेवली आणि फरशीवरच बसले. यांना वाटलं, चक्कर आली. ते पाणी आणायला धावले.

तुला आठवत असेल ना तो रविवार? मी अकरा वर्षांची आहे. बाबांना जाऊन तीन वर्षं झालीत. बाबा कशानं गेले हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्यामागं तू टॉवेलांच्या कडा शिवून घर चालवत होतीस. मामा दर रविवारी यायचा. नवी पेठेच्या मागं आयुर्वेदिक औषधांचा एक लहानसा कारखाना होता, तिथं तो बाटल्यांवर लेबलं चिकटवायचा. तुला ताकद यावी म्हणून द्राक्षासवाची बाटली आणायचा, आणि तू रोज जेवणानंतर कोमट पाण्यातून दोन चमचे घ्यायचीस. माझ्यासाठी वही आणायचा, नाहीतर पेन्सिल. त्याआधीच्या रविवारी त्यानं मला जवळ घेतलं आणि माझं नाक त्याच्या सदऱ्यात दबलं. आंबट, गोडसर, कुबट वास. तो गेल्यावर तू भाकरी थापत होतीस, तेव्हा मी म्हणाले, “आई, मामाच्या तोंडाला बाबांसारखा वास येतो.” तोंडाला, असं म्हणाले मी. तुझा हात परातीतच थांबला.

पुढच्या रविवारी तू त्याला उंबऱ्याच्या आत येऊच दिलं नाहीस. दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिलीस.

“अक्का, मला टाक्यांवर घातलंय आता,” तो सांगत होता. “आसवाच्या लाकडी टाक्या धुवाय लागत्यात. त्येचा वास हाय. तोंडाला न्हाय अक्का, सदऱ्याला हाय.”

“माझा नवरा बी रोज नवीन कारण सांगायचा,” तू म्हणालीस. “एकाला पोचवलाय मी. दुसऱ्याला बघायची ताकद न्हाय माझ्यात. जा.”

त्यानं कापडी पिशवी पायरीवर ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी तुझ्या पदराआड होते. तो गेल्यावर तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, “शहाणी माझी. खरं बोललीस म्हणून वाचलो.” आई, ती शाबासकी मी पन्नास वर्षं जपली. शाळेत मुलांना सांगायचे, प्रयोगवहीत निरीक्षण वेगळं लिहा, निष्कर्ष वेगळा लिहा. जे दिसलं तेवढंच लिहा. सांगताना मला एकदाही तो सदरा आठवला नाही.

बरणीतली वाइन मी पुढं बाटल्यांत भरली. सहा महिने तरी मुरू द्यायची असं कागदावर लिहिलं होतं. पण सोलापूरचा एप्रिल काय असतो ते तुला सांगायला नको. बाटल्या खाटेखाली आडव्या ठेवल्या, ओल्या चादरीत गुंडाळल्या आणि दुपारी दोनदा त्यावर पाणी शिंपडलं. शिंपडताना दर वेळी मनात यायचं, केमला जाऊन मामीला विचारावं. मामा गेल्यावर ती माहेरी केमला गेली, ती तिथंच आहे. दर वेळी मी उद्यावर ढकललं. मनाला समजावत होते की वास सदऱ्याचा असेल, पण तो पीतही असेल. शेवटी तो दारूनंच गेला ना? चार वर्षांनी त्याची बातमी आली तेव्हा तूच म्हणाली होतीस, “बघ, मी काय म्हणत होते?” तो माझा पुरावा होता. मी त्याला घट्ट धरून होते.

गणपतीच्या सुट्टीत तुझी नात आली आणि तिनं बाटली उघडली. पेल्यात ओतून माझ्यापुढं धरली, “निदान वास तरी घे, तूच केलीस.” मी नाक जवळ नेलं. आई, तो मामाच होता. साखर नव्हती, औषधांचा उग्रपणा नव्हता, पण खाली तोच होता. द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा जो वास सुटतो, तो इटलीतही तोच आणि नवी पेठेच्या मागंही तोच. बाटलीत होता तेव्हा आपण त्याला औषध म्हटलं आणि माणसाच्या अंगाला आला तेव्हा दारू. मी पेला खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून केमला गेले.

मामी भाच्याच्या घरी पडवीत शेंगा फोडत बसली होती. पाठ वाकलीय, पण कान शाबूत आहेत. मला बघून तिनं जेवायलाच वाढलं. मी हातात भाकरी घेऊन विचारलं, “मामी, आईनं दारातनं परत पाठवलं, तेव्हा मामा घेत होता का?”

“न्हाय ग,” ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही. “थेंब बी न्हाय. टाक्यांत उतरून धुवायचे. मी सदरं राखंनं धुतलं, लिंबू चोळलं, वास काय जाईना.”

मला हायसं वाटलं की आणखी काय, कळायच्या आत ती पुढं बोलली.

“मागनं घ्यायला लागले. अक्कानं हाकलल्यावर. म्हनायचे, न घेता बी बेवडाच की मी, मग घिऊनच ऱ्हातो. आन् मग लई घेतली.”

आई, मी हातातली भाकरी ताटात ठेवली. मी पन्नास वर्षं जो शेवट पुरावा म्हणून धरला होता, तो आपण घडवलेला होता. तू आणि मी. तिनं मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. शेंगा निवडता निवडता ती सहज म्हणाली, “एक मातर कळलं न्हाय बग मला. अक्का भोळी, भावावर जीव हुता तिचा. तिच्या डोस्क्यात हे घातलं कुनी?”

मी म्हणाले, “काय माहीत, मामी.”

आणि भाकरी संपवली. तिनं वाढलेलं सगळं संपवलं. निघताना तिच्या पाया पडले.

तुझ्यावर मी चिडलेली नाही. बाबांचं जे तू पाहिलंस, त्यानंतर तुला दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं, आणि मी तर अकरा वर्षांची होते. हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. खरंही असेल. पण तुला लिहिणं सोपं आहे, आई, तू वाचणार नाहीस. केमचा पत्ता माझ्याकडे आहे, टपाल तिथं दोन-तीन दिवसांत पोचतं, आणि मामीला पत्र वाचून दाखवायला घरात माणसं आहेत. तिला मी अजून एक ओळ लिहिलेली नाही.