पंचवीस डिसेंबरची राहिलेली चिठ्ठी

ग्रामसुख रिसॉर्ट, साकोलीजवळ
२६ डिसेंबर, सकाळचे नऊ

प्रिय आई,

वरचा पत्ता वाचून तुझा चष्मा नाकावरून खाली आला असेल. बरोबर वाचलंस. मी पुण्यात नाही. गेले तीन दिवस मी तुझ्यापासून दोन किलोमीटरवर आहे. सोबत भूपेंद्र, तुझी नात तृप्ती आणि भूपेंद्रचे साहेब, त्यांची बायको, त्यांची दोन मुलं. तू फोनवर म्हणाली होतीस, "पंचवीसले सुट्टी रायते ना तुमची, मंग येत काहून नाही वं?" तेव्हा मी सांगितलं की भूपेंद्रला सुट्टी नाही. ते खोटं होतं. सुट्टी होती, इथलं बुकिंगही झालेलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी नुसत्या गमती लिहीत बसेन आणि खरं ते राहून जाईल.

गमती काही कमी नाहीत म्हणा. तू इथे एक दिवस राहिली असतीस तर हसून हसून तुझ्या पोटात दुखलं असतं. राहायला कुडाच्या झोपड्या आहेत, आत एसी. भिंतींना शेणाच्या रंगाचा ऑइलपेंट दिलाय. शेण नको, त्याचा वास नको, रंग तेवढा हवा! अंगणात ख्रिसमस ट्री उभा केलाय तो धानाच्या तणसाचा. वर चांदणी, बाजूला लाल गोळे. आपल्या कपिला गायीला आत सोडलं असतं तर तिनं एका दुपारीच नाताळ संपवला असता. सांताक्लॉज म्हणून इथल्या वॉचमनला लाल कपडे चढवलेत. तो पोरांना चॉकलेटं वाटता वाटता मध्येच गेट उघडायला पळतो. ज्याचा वाढदिवस त्याचं नाव तीन दिवसांत एकानंही घेतलं नाही, केक मात्र दोनदा कापला.

जेवणात काय असतं सांगू? लाखोळीची डाळ. एवढ्याशा मातीच्या वाटीत, पुढे पाटी लावलेली, 'हरवत चाललेली चव'. मॅडमनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, तिचे सहा फोटो काढले आणि दोन चमचे खाऊन वाटी सरकवली. तुझ्या चुलीवर परवा हीच डाळ शिजली असेल आणि तुला पत्ताही नसेल की ती हरवून राहिली आहे. मॅडम सारखं म्हणतात, किती साधं, किती खरं जगतात ना ही माणसं! ही माणसं म्हणजे कोण, हे मी त्यांना विचारलं नाही. मलाच उत्तर द्यावं लागलं असतं.

परवा सकाळी 'शेतकऱ्याचा एक तास' असा कार्यक्रम होता. खळं सारवून ठेवलेलं, धानाची छोटीशी रास, आणि पाहुण्यांच्या हातात एकेक सूप. मॅडम वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि सगळा कोंडा स्वतःच्या डोळ्यांत घेतला. साहेबांनी धान कोंड्यासकट मागच्या माणसावर उडवलं. मला हसू येत होतं, यांच्या पदव्या घेऊन जाळायच्या काय, यांना वारा कुठून येतो तेसुद्धा कळत नाही. मग सूप माझ्या हातात आलं. दहावीपर्यंत तुझ्याबरोबर खळ्यावर धान उडवणारी मी, गिरजाबाई म्हणायची की कुंताच्या पोरीचा हात तुझ्याहूनही हलका आहे, ती मी. आई, मी मुद्दाम सूप उलटं धरलं. धान पायावर सांडलं, सगळे हसले, आणि सर्वांत मोठ्यानं भूपेंद्र हसला. त्याची आजी आयुष्यभर दुसऱ्याच्या खळ्यावर राबली. मॅडमना हसणारी मी आणि हा माझा नवरा, कोण जास्त हलकट ते तूच ठरव.

आता तू विचारशील, कायले? सांगते. आमच्या पुण्याच्या दारावर 'भूपेंद्र एम.' अशी पाटी आहे, हे तुला माहीत नाही, कारण तू कधी आलीच नाहीस. मेश्राम लिहिलं तर आपल्या विदर्भाकडच्या लोकांना जात लगेच कळते, आणि पश्चिमेकडचे कळेपर्यंत विचारत राहतात. नुसतं एम. ठेवलं की सगळे स्वतःच्या सोयीचं आडनाव लावून घेतात. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या घरी जेवायला गेलो होतो. तिथे मॅडम म्हणाल्या की हल्ली ऑफिसात निम्मे कोट्यातलेच भरलेत, म्हणून यांचं काम वाढतं. भूपेंद्र हसला आणि म्हणाला, खरंय मॅडम. त्या दिवसापासून आम्ही कोण ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. यंदा मार्चमध्ये भूपेंद्रची बढती आहे. साहेबांना नागझिऱ्याचा वाघ पाहायचा होता, आणि याची जीभ वळवळली, की तो भाग मला माहीत आहे, मी सगळं बघतो. इथवर आला, माहितगार म्हणून मिरवला, आणि सासूचं गाव रस्त्यात लागतं तेवढंच विसरला. वाघ दिसला नाहीच. वाघ या लोकांपेक्षा शहाणा.

मी नवऱ्याला नावं ठेवतेय, पण मी काही तोंड शिवून घेतलेलं नव्हतं. ठरवून गप्प बसले. आता काल काय झालं ते वाच, आणि वाचून होईपर्यंत पत्र खाली ठेवू नकोस.

काल चार वाजता 'बंडीतून गाव' नावाची फेरी होती. सगळ्यांच्या डोक्यावर लाल टोप्या चढवल्या, पांढऱ्या गोंड्याच्या. माझ्याही. बंडी कुणाची असावी? आपल्या परसरामभाऊंची. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं आणि मान खाली घालून बैलांच्या शिंगांचे गोंडे नीट करत बसले. त्या माणसाला माझ्या तोंडावरूनच सगळं कळलं. सोबत रिसॉर्टचा एक गाईड होता, तंग जीन्स घातलेला, हिंदीत बोलणारा. त्यानं आपल्या गावातलं मारुतीचं देऊळ दाखवलं, यादोरावांच्या वाडीतली चिंच दाखवली, तलावावर सिंगाडे काढणारे ढिवर दाखवले. मग बंडी आपल्या वस्तीच्या वळणावर आली. निळ्या पताका, विहारापुढे सतरंज्या, पन्नासेक बाया पांढऱ्या लुगड्यांत, मध्ये विस्तव आणि लाउडस्पीकर. मॅडमनी विचारलं, तिकडे काय आहे? गाईड म्हणाला, "उधर कुछ खास नहीं है मॅडम, इधर तालाब देखिए." आमची अख्खी वस्ती त्यानं एका हातानं बाजूला सारली. आणि मी, तिथे जन्मलेली, तलाव पाहिला.

मला माहीत होतं आत काय चाललंय. मनुस्मृती दहनाचा दिवस आपल्या बायांनी दुसऱ्या गावांसारखा नुसता भाषणात घालवला नाही, याचा मला केवढा गर्व होता! मी सातवीत असताना तुम्ही ठरवलं की ते पुस्तक जाळायचंच, पण त्याआधी प्रत्येकीनं स्वतःला जाचणारा एकेक नियम कागदावर लिहायचा, उभं राहून स्वतः मोठ्यानं वाचायचा आणि आपल्या हातानं विस्तवात टाकायचा. दुसरीनं वाचलेली चिठ्ठी चालायची नाही. तुला तेव्हा अक्षर येत नव्हतं. तुझी पहिली चिठ्ठी मी लिहून दिली, 'बाईनं सगळ्यांच्या मागून जेवावं'. तू ती पाठ केलीस आणि कागद उलटा धरून खणखणीत वाचलीस. कुणी हसलं नाही. पुढच्या वर्षी तू साक्षरता वर्गात नाव घातलंस, आणि ती चिठ्ठी जळली त्या दिवसापासून आपल्या घरी सगळे एकदमच जेवायला बसू लागले.

तर काल बंडी त्या वळणावर असताना लाउडस्पीकरवर तुझा आवाज आला. "मी कुंता. मायनं लेकीच्या घरचं अन्न खाऊ नाही, पाणी पिऊ नाही, असं म्हणतेत. माह्या मायनं पाळलं, म्या पाळलं. माही लेक पुण्याले रायते, बारा वर्सं झाले, म्या तिचं घर नाही पाह्यलं. आता मी जाऊन राहिली. पोटभर जेवीन अन् महिनाभर राहीन. हा घ्या, जाळला." टाळ्या वाजल्या. मॅडम म्हणाल्या, हाऊ क्यूट, कुणाला तरी भेटायला निघाल्यात वाटतं.

तृप्ती ताडकन उभी राहिली. आजीचा आवाज आहे, म्हणाली. दर रविवारी फोनवर ऐकते ती, ओळखणारच. मॅडमनी विचारलं, कुणाची आजी? भूपेंद्रनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत मार्च महिना होता. मी तृप्तीचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हटलं, नाही गं, या भागात सगळ्या म्हाताऱ्यांचा आवाज असाच असतो. तेवढ्यात परसरामभाऊंनी कासरा ओढला, मागे न बघता हळूच म्हणाले, "रश्मीबाई, बंडी थांबवू काय? माय बोलून राहिली तुमची." आणि मी त्या माणसाला, ज्यानं मला पावसात खांद्यावर बसवून शाळेत नेलं, हिंदीत उत्तर दिलं. चलो भैया, देर हो रही है. त्यांनी बैलांना हाक मारली. तू पन्नास पावलांवर होतीस आणि माझ्या डोक्यावर गोंड्याची टोपी होती. मी या मॅडमना हसते, साहेबांना हसते, तणसाच्या झाडाला हसते. पण या सगळ्या सोंगात खरं सोंग एकच होतं, आणि ते तुझ्या पोटचं होतं.

एवढं होऊनही मी लिहिलं नसतं, हेही सांगते. रडले, तोंड धुतलं, पुरी-भाजी खायला गेले. पुण्याला जाऊन फोनवर काहीतरी थाप मारून तुझं येणं मार्चनंतर ढकलायचं, इथपर्यंत मनात ठरवून झालं होतं. पण आज नाश्त्याला मॅडमनी तृप्तीला मांडीवर घेतलं आणि लाडानं विचारलं, तुझी आजी कुठे असते गं? तृप्तीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मी काय करते ते बघायला. मी चहात साखर ढवळत होते. मग ती अगदी सहज, पावाला लोणी लावत म्हणाली, "मला आजी नाहीये." नऊ वर्षांची आहे, आई. एका दुपारीत शिकली. मला शिकायला बारा वर्षं लागली होती.

भूपेंद्रशी बोलून झालंय. तो म्हणतो, मार्चपर्यंत थांब, मग हवं ते कर. तो येईल की नाही मला माहीत नाही, पुण्याची पाटी बदलेल की नाही तेही माहीत नाही, आणि खोटी आशा तुला दाखवत नाही. मी आणि तृप्ती मात्र आज येतो आहोत. पत्र परसरामभाऊंकडे देते आहे. एकदा ते त्यांच्या बंडीत गेलं की मला परत मागता येणार नाही, त्यासाठीच लिहिलं. त्यांची माफी मी आपल्या भाषेत मागणार आहे. चार वाजता विहारापुढे पुन्हा विस्तव कर आणि गिरजाबाई, रुखमिणीकाकू, काल होत्या तेवढ्या सगळ्यांना बोलाव. कालची माझी चिठ्ठी राहिली आहे, ती हीच. तू हे वाच, हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण जाळू नकोस आणि कुणाला वाचूनही दाखवू नकोस. दुसरीनं वाचलेली चालत नाही. मी येते आणि तृप्तीला शेजारी उभी करून स्वतः वाचते.

तुझीच,
रश्मी कुंता मेश्राम