दारापुढची चारी

८ जानेवारी २०२५
संभाजीरावांची उसाची ट्रॉली वळणावर आली आणि गावाचं इंटरनेट ओढून घेऊन गेली. या हंगामात पुन्हा एकदा. पलीकडच्या घरातली अंजली पायरीवर येऊन बसली. "काका, ऐन मीटिंगमध्ये गेलं." ती घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करते. वीस तारखेच्या आत लाइन नीट करा, नाहीतर पुण्यात येऊन राहा, असं साहेबानं बजावलंय. आई भागुबाई डायलिसिसवर. इंदापूरला ने-आण हीच करते.

९ जानेवारी
पारावर विद्वत्सभा. विषय – तारेचा खर्च कोणाचा?
संभाजीराव: "तार खाली लोंबती, त्याला मी काय करू?"
केबलवाला ऋषिराज: "समदी दिसभर व्हिडिओ बघत्यात. भार त्यांचा, खर्च माझा व्हय? त्या व्हिडिओवाल्यांकडनं घ्या की!"
बड्या टेलिफोन कंपन्या दिल्लीत हेच रडगाणं गातात. फक्त इस्त्रीच्या शर्टात. सरपंच म्हणाले, "निधी न्हाय." न्यायशास्त्रात याला वितंडा म्हणतात – स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, दुसऱ्याचा खोडायचा. तिथं निदान बुद्धी तरी लागायची.

१२ जानेवारी
अंजलीनं तोड काढली. तार चारीच्या कडेनं, जमिनीखालून न्यायची. पाण्याच्या चारीचा गावात नेमच आहे – आपल्यापुढची ज्यानं त्यानं साफ करायची. तसाच चर खणायचा. नळी आणि तार ऋषिराजची.
संभाजीराव मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, कुदळ धरता येती का तुमाला?"
म्हटलं, येते. पण ज्याचा धंदा त्यानं खणावं. गावानं फुकट राबायचं आणि कंपन्यांनी गब्बर व्हायचं? तत्त्वाचा प्रश्न आहे. तसा लेखच पाठवला पेपरला.

१४ जानेवारी
लेख आला. मथळाही कापला नाही – नवल.
संभाजीराव तिळगूळ द्यायला आले. तळहाताला फोड. त्यांचा चर पुरा झालाय म्हणे. कंपनीला बिनपगारी गडी मिळाला, तोही ट्रॅक्टरवाला!

१७ जानेवारी
अंजली येऊन गेली. "लेख वाचला, काका. बरोबर आहे तुमचं." जरा घुटमळली. चहा नको म्हणाली.

२० जानेवारी
भागुबाईंना इंदापूरला त्यांच्या भावाकडे पोचवून अंजली सकाळच्या एसटीनं पुण्याला गेली.
चर माझ्या कुंपणाशी येऊन थांबलाय. कुंपण संपलं की पुढं तिच्या दारापर्यंत खणलेला आहे.