तांबडीचा हवापालट

बुधवार, ३ डिसेंबर

आज सकाळी महापालिकेची गाडी आली आणि कॉलनीतली पाचही कुत्री जाळीत घालून घेऊन गेली. पिंप्राळ्यात राहायला आल्यापासूनचा हा पहिला शांत दिवस. श्रेय सर्वस्वी माझं. कॉलनी कमिटीचा सचिव झाल्यापासून मी तक्रारींवर तक्रारी केल्या म्हणून हे झालं.

गाडीमागे समोरचे रुपचंद नाना अनवाणी पळाले. सत्तरीचा माणूस, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, आणि कुत्र्यांमागे पळतो. दोन्ही वेळा भाकरी घालून यांनीच ही फौज पोसली. मला म्हणाले, "हितेंद्र, मनी सोनीले कोठे लई गयात?" म्हणजे त्यांच्या सोनीला कुठे नेलं. मूळचे शिंदखेड्याकडचे, चिडले की अहिराणीत शिरतात. मी शांतपणे म्हटलं, "नाना, नियमानुसार नेलंय." नियम म्हटलं की नानांना पुढे बोलता येत नाही.

संध्याकाळी पेढे वाटले. बायकोने, सारिकाने, एकही घेतला नाही. शुगर आहे म्हणाली. तिला शुगर नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

कुत्री परत आली! पाचही! त्याच गाडीतून, त्याच वळणावर सोडली. मी ड्रायव्हरला म्हटलं, पत्ता चुकलाय तुमचा. मग पुढच्या सीटवरून महापालिकेच्या जनावरांच्या डॉक्टर, डॉ. मिसबाह उतरल्या. पोरगेल्या दिसतात, पण बोलणं सासूसारखं. म्हणाल्या, नसबंदी झाली, रेबीजची लस दिली, ओळख म्हणून डाव्या कानाचं टोक कापलं. आता जिथून उचलली तिथेच सोडायची, कायदा आहे. कायदा हा शब्द इतक्या तुसडेपणाने मी कधी ऐकला नव्हता.

त्यातली एक तांबडी. तिची जखम सुजली होती. केंद्रातल्या पिंजऱ्यात ती काही खात नाही, म्हणून कुणीतरी कोरड्या जागी ठेवा म्हणाल्या. पळू द्यायचं नाही, पाणी लागू द्यायचं नाही, चाटू द्यायचं नाही, गोळ्या चुकवायच्या नाहीत. नाना लगेच पुढे झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणीबिणी. मला समोर दिसलं : कॉलनीच्या ग्रुपवर नानांचा कुत्रीसोबत फोटो, खाली पन्नास नमस्कार.

मी म्हटलं, "माझ्याकडे ठेवतो."

डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही? मी म्हटलं, बँकेत सत्तावीस वर्षं माणसं सांभाळली, हे तर जनावर.

बुधवार, १० डिसेंबर

तांबडी पार्किंगमध्ये. नाना तिला सोनी म्हणतात. मी नाव वापरणार नाही. शिस्तीत भावना नको.

गोळी जिलबीत घालून दिली. जिलबी खाल्ली, गोळी थुंकली. ब्रेडमध्ये दिली. ब्रेड खाल्ला, गोळी माझ्या बुटावर. नंतर सारिकाने तिचं तोंड धरलं आणि एका झटक्यात गोळी आत. मी आधी तिला दमवून ठेवलं होतं म्हणूनच जमलं. सारिकाला तसं सांगितलं. ती हात धुवायला गेली.

गुरुवार, ११ डिसेंबर

जखम चाटू नये म्हणून डॉक्टरांनी गळ्यात घातलेला प्लास्टिकचा भोंगा तिने फाडला. काळजी नाही. जुन्या बादलीचं बूड कापून मी स्वतः नवा बनवला. बाजारातल्यापेक्षा मजबूत. फक्त चालताना माझ्या स्कूटरवर आपटतो.

नाना गेटशी आले. त्यांना बघून ती शेपूट अशी हलवायला लागली की बादली दणादणा वाजली. मी भेटायला बंदी केली. इन्फेक्शन. तर नानांनी गेटबाहेर रस्त्यावर खुर्ची टाकली. रस्ता सार्वजनिक आहे, काही करता येत नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

ती फक्त माझ्यावरच गुरगुरते. याचा अर्थ मला प्रमुख मानते.

डॉक्टरांचा फोन. सूज बघितली का? बघितली म्हटलं. हात लावून? मी म्हटलं, मोबाइलने झूम करून. त्यावर त्यांनी सारिकाला फोन द्या म्हटलं. ही आजची पिढी.

रविवार, १४ डिसेंबर

कमिटीची भरीत पार्टी. दरवर्षी मैदानावर असते, यंदा मुद्दाम माझ्या पार्किंगमध्ये ठेवली. सेवाकार्य लोकांनी डोळ्यांनी बघावं. कपाशीच्या काट्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचली, कळण्याच्या पुऱ्या निघत होत्या. मी "कॉलनी आणि करुणा" या विषयावर चार शब्द बोलायला उभा राहिलो.

तेवढ्यात तांबडीने दोर तोडला. सरळ परातीत. बादली बदाबदा भरली आणि तिने भरीत तिथल्या तिथे, गळ्यातल्या बादलीतूनच खाल्लं. ताट गळ्यात बांधून जेवायला बसल्यासारखं. अध्यक्ष झुलाल आप्पा हसून हसून खाली बसले. म्हणाले, "हितेंद्र, कुत्रीने आमची भाषणातून सुटका केली!" सगळ्यात मोठ्याने रस्त्यावरच्या खुर्चीतून नाना हसले.

ग्रुपवर व्हिडिओ आला. बासष्ट नमस्कार. कुत्रीला.

पाच वाजता तिचं पोट बिघडलं. उड्या मारल्याने टाक्यातून पाणी आलं. डॉक्टर येऊन ड्रेसिंग करून गेल्या. जाताना म्हणाल्या, नानांकडे द्या ना. मी म्हटलं, घेतलेली जबाबदारी मी सोडत नसतो.

सोमवार, १५ डिसेंबर

विचार केला. तांबडीला इथलं वातावरण मानवत नाही. हवापालट हवा. मागच्या गल्लीतला नईम यावलला केळी आणायला लोडर घेऊन निघालाच होता. मी तिला घेऊन पुढे बसलो. सारिका बाजारात होती, नाना पेन्शनच्या कामाला गेलेले. योगायोग.

यावलच्या पुढे केळीच्या बागा. काय गारवा! पोस्ट-ऑपरेटिव्ह केअरसाठी याहून चांगली जागा नाही. बादली काढली, मोकळं केलं. पाटाच्या कडेला उतरवली. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मीच आरशात दोनदा पाहिलं, ते मागून ट्रक येतोय का म्हणून.

नईम येताना एक शब्द बोलला नाही. नेहमी फार बोलतो. मीही त्याला बजावलं की हे आपल्यातच राहू दे. ग्रुपवर टाकलं : तांबडी पळाली. गेट कुणीतरी उघडं ठेवलं. कुणी ते सुज्ञांनी समजावं.

मंगळवार, १६ डिसेंबर

नाना सकाळपासून रस्ते पालथे घालताहेत. फडक्यात भाकरी बांधलेली. रेल्वे गेटपर्यंत जाऊन आले. हाका मारतात, "सोनीऽऽ". लोकांना वाटतं कुणाची नात हरवली. मलाही एकदा तसं वाटून गेलं. थंडीने होतं असं.

जेवायला बसलो तर ताटात भाकरीशेजारी तांबडीच्या गोळ्यांची पट्टी. सारिका म्हणाली, अजून निम्म्या राहिल्यात, टाके ओले होते, कुठे असेल? मी म्हटलं, जनावरांना निसर्ग सांभाळतो. म्हणाली, "मग तुम्हाला कोण सांभाळतं?"

हा प्रश्न मला कळला नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

नाना पुलाच्या उतारावर पडले. गुडघा फुटला. लोकांनी घरी आणून बसवलं. मी भेटायला गेलो. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. वयस्कर माणसांचा हा हट्टीपणा.

सारिका स्वयंपाक करते, पण वाढत नाही.

उद्या यावलला जाणार. कुणाच्या दबावाने नाही. फॉलो-अप.

गुरुवार, १८ डिसेंबर

नईमला विचारलं, तर म्हणे गाडी रिकामी नाही. गाडी समोर रिकामी उभी होती. एसटीने गेलो. पाटाच्या कडेला कुणी नाही. बागेतल्या बायकांना विचारलं. एकीने विचारलं, तुम्हीच सोडली होती का? मी म्हटलं, नाही, मी समितीवर आहे. मग कुणीच काही सांगेना.

उन्हात स्टँडपर्यंत चालत आलो, आणि काय सांगू! चहाच्या टपरीखाली तांबडी! बिस्किट दाखवल्याबरोबर शेपूट हलवत माझ्या पायांत. मला बघून कधी शेपूट न हलवणारी! विरहाने जनावरही बदलतं. खास रिक्षा करून आणली.

सारिका तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, हिचा कान तर अख्खा आहे. मी म्हटलं, भरून आला. टाके कुठे? विरघळले. हिच्या पायावर पांढरा ठिपका कधी होता? मी म्हटलं, तू कधी नीट पाहिलंच नाहीस तिला.

नाना लंगडत गेटशी आले. पाहिलं. "हं" म्हणाले आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. आभाराचा एक शब्द नाही.

रविवार, २८ डिसेंबर

प्रगती उत्तम. तांबडी गुरगुरत नाही, भुंकत नाही, दिवसभर खाते. अंगाने चांगली भरली. यावलची हवा आणि माझी शिस्त.

नानांचा शोध, हाका सगळं बंद. त्यांनी पराभव स्वीकारला. आता त्यांचं दार कायम लावलेलं असतं. सारिका रोज दुपारी त्यांच्याकडे जाते, गुडघ्याला मलम लावायला म्हणे. एवढा वेळ गुडघा कुठला?

रविवार, ४ जानेवारी

वजन फारच वाढलं. पोट जमिनीला लागेल असं. डॉ. मिसबाहना फोन करून सांगितलं की नसबंदीनंतर जाडी येतेच, असं मी वाचलंय. म्हणाल्या, येते, पण इतक्या लवकर नाही, बघायला येऊ का? मी म्हटलं, गरज नाही.

शुगर नसलेल्या सारिकाने आज मला विचारलं, "तुम्हाला खरंच वाटतं का ही तीच आहे?"

मी म्हटलं, शंभर टक्के.

शनिवार, १० जानेवारी

तांबडी माझ्या स्कूटरच्या कव्हरवर व्याली. सहा पिल्लं.

महापालिकेचा ढिसाळ कारभार उघड! नसबंदी केलेली कुत्री व्याली! ग्रुपवर फोटो टाकला, सगळ्या वर्तमानपत्रांना पाठवला. उद्या सकाळी कमिटीसमोर डॉ. मिसबाहनी येऊन खुलासा करावा, असं लिहिलं. त्यांनी लगेच कळवलं : येते.

बघू आता सासूबाई काय म्हणतात.

रविवार, ११ जानेवारी, दुपारी दोन

डाव्या हाताने लिहितोय.

सकाळी सगळी कॉलनी पार्किंगमध्ये. डॉक्टर आल्या. कान बघितला, पोटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, हिचं ऑपरेशन कधी झालंच नाही. मी म्हटलं, हेच तर मी म्हणतोय! आणि पुरावा म्हणून एक पिल्लू उचलून सगळ्यांना दाखवलं.

पिल्लाच्या आईने माझा उजवा हात दातांत धरला. सोडला नाही. झुलाल आप्पांनी पोतं टाकलं तेव्हा सुटला.

सारिकाने ओढत नळाखाली नेलं. साबण लावून किती तरी वेळ धुत होती. मी म्हटलं, ठीक आहे, लागलं नाही फार. हाताला पडलेलं भोक दिसत होतं.

डॉक्टर शेजारी उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच हळू बोलल्या. "काका, आमच्या तांबडीला मी स्वतः लस दिली होती. हिला कुणी दिलीय का, मला माहीत नाही. भांडण नंतर करू. ही तीच आहे का, तेवढं सांगा."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि नाना बाहेर आले. त्यांच्यामागे ती. डाव्या कानाचं टोक कापलेलं, पोटावर केस पुन्हा उगवत होते. मला बघितलं आणि गुरगुरली.

नईम मान खाली घालून उभा होता. तो पडलेल्या नानांना बघून आला, त्याच संध्याकाळी त्यांना घेऊन यावलला गेला होता. दोघांनी तिला केळीच्या पाल्यात शोधून काढलं, टाके चिघळलेले. सारिका रोज दुपारी जात होती ती तिचं ड्रेसिंग करायला. डॉक्टरांनाही माहीत होतं. सगळ्यांनाच. मी सारिकाकडे बघितलं. ती नळ बंद करत होती.

मी नानांना म्हटलं, मला एकदा सांगायचं तरी.

नाना म्हणाले, "तुले कसाले सांगू? परत सोडी येशी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी, सात वाजता

नईमच्या लोडरमधूनच सिव्हिलला नेलं. पुढे मी आणि सारिका. मागे झुलाल आप्पा, नाना आणि निम्मी कमिटी. मला सोबत म्हणून आले की खात्री करायला, विचारलं नाही.

जखमेत इंजेक्शन, दंडात इंजेक्शन. बाकीची घ्यायला तारखेप्रमाणे यायचं. पिल्लं अंगावर पितात तोवर आईला हलवायचं नाही, नंतर तिची नसबंदी, आणि मग टाके सुकेपर्यंत कोरडी जागा. मागोमाग आलेल्या डॉ. मिसबाह हे सांगत होत्या तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी हो म्हटलं. जबाबदारी वगैरे काही म्हटलं नाही.

सिस्टर नाव, वय लिहून घेत होत्या. विचारलं, कुत्रं घरचं की बाहेरचं? सारिका बाजूला उभी, नाना दारात. कुणी माझ्या वतीने बोलेना.

बाहेरचं म्हटलं.

कुठलं?

"यावलचं," मी म्हटलं. "स्टँडवरून आणलं."