सव्वाआठची भरती

मी, विमला रावजी पावसकर, वय अठ्ठावन्न, अविवाहित, राहणार रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे का, अशी शंका असेल त्याने मला सतरा नव्वे विचारावे. हा कागद मी सांगते आहे आणि माझा भाचा लवू आत्माराम पावसकर टाइप करतो आहे. घर त्यालाच मिळणार, या समजुतीने तो आज वेळेवर आला.

कलम १. माझे राहते घर, आठ माडांच्या परड्यासह, मी सुरय्या अयूब सोलकर, राहणार राजिवडा, हिला कायमचे देते. लवूने लग्नपत्रिकेवर याच घराचा पत्ता छापला आहे असे कळते. पत्रिका पुन्हा छापाव्या लागतील. या वेळी प्रुफे तपासावीत.

(लवू, हात का थांबला? टाइप कर.)

कलम २. कारण असे. मुंबईत बावीस वर्षे मी आधी पंच केलेली कार्डे आणि पुढे प्रोग्राम तपासले. इथे येऊन संगणक केंद्र काढले. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम आम्ही तपासून देतो. लवूला मीच शिकवले. म्हणजे मी शिकवले, तो शिकला नाही. पहिल्याच आठवड्यात त्याला सांगितले होते की उत्तर आधी हाताने काढ, मग मशीनला विचार. आणि मधले सोडून कडा तपास: पहिला दिवस, शेवटचा दिवस, महिना संपतो तो सांधा. त्याला हे बालवाडीतले वाटले. त्याला एकदम मोठे प्रोग्राम हवे होते. पी हळद अन् हो गोरी.

सन १९८७च्या पाडव्यापासून वर्षभराच्या भरतीचा तक्ता छापणारा प्रोग्राम एका बर्फ कारखान्याच्या मालकाने करून घेतला. तपासायला आमच्याकडे आला. लवूने चैत्राचे पहिले पंधरा दिवस पंचांगाशी ताडून पाहिले आणि सही ठोकली. मी विचारले, बाकीचे? म्हणाला, "आत्या, शितावरून भाताची परीक्षा." अरे, भात करपतो तो तळाला.

प्रोग्राम प्रत्येक पंधरवडा पंधरा दिवसांचाच धरत होता. तो कधी चौदाचाही येतो, हे राजिवड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. दर महिन्याला अर्धा दिवस मागे पडत तक्ता मार्गशीर्षात चार तिथी मागे गेला. कोकणात भरती काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात, तेवढे वाजता भरती. पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा. एकादशीला सव्वाआठ. पाच डिसेंबरला पौर्णिमा होती आणि तक्त्यावर एकादशी.

सुरय्याचा नवरा अयूब सोलकर तीस वर्षे लाँच चालवणारा तांडेल होता, तक्त्याकडे ढुंकून पाहत नसे. त्या सकाळी कारखान्याचा मालक, लाँचवर भरलेला बर्फ वितळतो, तक्त्याच्या वेळेलाच निघा, म्हणून अडून बसला. लवू जेटीवर होता. अयूब त्याला म्हणाला, "लवू, काल राती चांद पुरा व्हता रे. तुज्या कागदावर एकादस कशी?" लवू म्हणाला, "चाचा, मशीन चुकत नाय." वर मान करून बघायचेही कष्ट याने आदल्या रात्री घेतले नव्हते. सव्वाआठला, खऱ्या भरतीला तीन तास असताना, लाँच भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर चढली आणि कलंडली. दोन खलाशी पोहत आले. अयूब आला नाही.

चौकशीत लिहिले गेले की तांडेल चुकला. तक्ता कोणी मागितला नाही. लवू गप्प बसला. मीही.

कलम ३. गेल्या आठवड्यात मी सुरय्याकडे जाऊन हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "बाई, घर नुसतं काय करू? माज्या घोवाची चूक नव्हती, ता जेटीवर सगळ्यांसमोर सांगा." जिवंतपणी तेवढी हिंमत मला होणार नाही. म्हणून माझ्या तेराव्या दिवशी लवूने राजिवड्याच्या जेटीवर उभे राहून कलम दोन मोठ्याने, एकही शब्द न गाळता वाचावे. आवाज कापला तर पहिल्यापासून वाचावे.

कलम ४. लवूला माझे जुने पंचांग, एक पेन्सिल आणि फूट आखलेला बांबू द्यावा. केंद्रातली नोकरी हवी असेल तर त्याने वर्षभर रोज भरती हाताने काढावी, बांबू पाण्यात रोवून ताडावी, वहीत लिहावी आणि त्यावर सुरय्याची सही घ्यावी. तिने सही नाकारली तर तो दिवस धरू नये. कारण विचारू नये.

कलम ५. केंद्रात नवीन येणाऱ्या कोणालाही पहिले तीन महिने मशीनला हात लावू देऊ नये. कागद, पेन्सिल, आणि लवूची गोष्ट. नावासकट.

कलम ६. मशीन केंद्राला. माझ्या साड्या शेजारच्या मथुरेला. तिने त्या नाहीतरी मनातल्या मनात नेसूनच टाकल्या आहेत.

हा कागद टाइप झाल्यावर मी पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचला, दोन चुका दुरुस्त केल्या आणि मगच सही करते आहे. त्या तक्त्याखाली दोन सह्या होत्या. "फेरतपासणी" या शब्दापुढची सही माझी आहे. तिथे माझे नाव होते म्हणून तक्ता समुद्रावर गेला, नाहीतर टेबलावरच राहिला असता. तो मी वाचला नव्हता.

सही: विमला रावजी पावसकर

साक्षीदार:
१. हुसेन दाऊद मजगावकर, खलाशी, त्या लाँचवरून पोहत आलेला
२. यमुनाबाई शिवा शिवलकर, निवृत्त शिक्षिका

रत्नागिरी, माघ पौर्णिमा, २० फेब्रुवारी १९८९
भरती सव्वाअकरा. हाताने काढलेली.