फक्त शुगर आहे

बाबा, आज कारखान्यात आरोग्य तपासणीचं शिबिर होतं. गोविंदपुऱ्यातल्या आमच्या युनिटमध्ये वर्षातून एकदा डॉक्टर येतात, वजन-बीपी बघतात, रक्त घेतात आणि त्याआधी एक फॉर्म भरून घेतात. त्यात एक रकाना होता, कुटुंबात कुणाला कॅन्सर होता का. मी 'नाही' लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. दोन तास पार्ट तपासत बसले, एकाला रिजेक्टचं लाल कार्ड बांधलं, आणि तेव्हा लक्षात आलं की सकाळी मी काय लिहून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुमच्या वतीने खोटं बोलतेच आहे. म्हणून घरी आल्यावर चहासुद्धा न टाकता हे लिहायला बसले. तुमच्याविषयी चांगलं लिहायचा माझा विचार नाही. ते काम तुमच्या शोकसभेत लोकांनी ऑनलाइन उरकलं, त्यातले निम्मे माइक बंद ठेवून.

तो कॅन्सरचा डॉक्टर आठवतो ना तुम्हाला? केमोच्या दुसऱ्या सलाईनच्या आधी त्याने आपल्या दोघांना समोर बसवलं होतं. "अंकलजी, ये करोना सबके लिए एक जैसा नहीं है," असं म्हणून तो पाठकोऱ्या कागदावर एकेक लिहीत गेला. वय सत्तरच्या वर. शुगर. सिगारेट. तुम्ही लगेच म्हणालात, सोडून सहा साल झाले. तो म्हणाला, फेफड़ों को याद रहती है. मग लिम्फोमा लिहून त्याखाली त्याने दोन रेघा मारल्या. मी त्याला विचारलं होतं की आमच्या पॅकिंगमधल्या बाईच्या आईचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन दहा वर्षांपूर्वी झालंय, तिलाही एवढंच जपायचं का. तो म्हणाला, तिचा आजार जुना आणि उपचार संपलेले, तिची गोष्ट वेगळी. इथे रक्ताच्या ज्या पेशींनी लढायचं त्याच आजारी आहेत, आणि जे औषध आपण चढवतोय ते उरलेल्याही कमी करतं. लस घेतली तरी तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, घरात कुणाला येऊ देऊ नका. आणि शेवटचं वाक्य त्याने माझ्याकडे बघून म्हटलं, "बुखार आए तो उसी दिन फोन. जो भी पूछे, सबसे पहले लिम्फोमा बताना, शुगर बाद में."

तुम्ही मान डोलावलीत. घरी येऊन तो कागद पंच केलात, हिरव्या फाइलला टॅगने बांधलात आणि कोपऱ्यात लिहिलंत, 'अवलोकन किया. नस्तीबद्ध.' खाली सही, तारीख. पस्तीस वर्षं इथल्या मंत्रालयात हिंदीतून हेच केलंत तुम्ही. कुणाची तक्रार असो, कुणाची विनंती असो, पाहिलं, आता काही करायचं नाही, फाइल बंद. डॉक्टरने जीव तोडून दिलेल्या सूचनेचीही तुम्ही तीच गत केलीत. मला तेव्हा हसू आलं होतं, याचाही मला आता राग येतो.

लोकांना कळता कामा नये, एवढाच तुमचा एक हेका. नागपूरच्या काकांना नाही, शेजारच्यांना नाही, मराठी मंडळातल्या कुणाला तर नाहीच. केस गेले तर टोपी, वजन उतरलं तर "शुगरसाठी कमी करतोय." कारण विचारलं तर म्हणायचात, तुझ्या लग्नाच्या आड येईल. मी एक्केचाळीस वर्षांची होते, बाबा. माझ्या लग्नाच्या आड यायला जगात काहीच शिल्लक राहिलं नव्हतं. खरं कारण मला माहीत होतं. तुमच्या सेक्शनमधल्या एका बाबूंना कॅन्सर झाला तेव्हा लोकांनी त्यांचं टेबल खिडकीजवळ हलवलं आणि त्यांचा कप वेगळा ठेवला, हे तुम्हीच जेवताना सांगितलं होतंत. तुम्हाला वेगळा कप नको होता. त्या माणसासाठी तुम्ही तेव्हा एक शब्द बोलला होतात का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आणि मला मात्र काय शिकवलंत? तपासणीची नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही मला लाल शाईचं पेन दिलं होतंत. तुळशीनगरच्या सरकारी क्वार्टरचं ते अरुंद स्वयंपाकघर, आई, तेव्हा होती ती, पोहे परततेय, आणि तुम्ही दारात उभं राहून सांगताय, समोर कुणीही असो, माल खराब असेल तर खराबच लिहायचं. मी तसंच लिहीत आले. मालकाच्या मेव्हण्याचा अख्खा लॉट परत पाठवला, चार महिने कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. खराबाला खराब म्हणायचा नियम फक्त लोखंडाला लागू असतो, हे तुम्ही सांगितलं नव्हतं.

मग तो रविवार. आपण कोलार रोडच्या या फ्लॅटमध्ये, रस्ता सामसूम, दुसरी लाट जोरात. बेल वाजते. तुमचे जुने ज्युनिअर, हातात क्वार्टर खाली करायची नोटीस. त्यांना तुमच्याकडून उत्तराचा मसुदा हवाय. मास्क हनुवटीवर, बोलताना खोकताहेत. "भाईसाहब, कुछ नहीं, बस गला खराब है." मी दारात आडवी उभी राहते, म्हणते, कागज़ यहीं दे दीजिए, फोनवर बोला. तुम्ही मागून येता, मला बाजूला करता, त्यांना सोफ्यावर बसवता, आणि पाऊण तास खांद्याला खांदा लावून नोटशीटच्या भाषेत ते उत्तर लिहिता. चहा मलाच करायला लावता. ते गेल्यावर माझा तोल गेला. तुम्ही म्हणालात, "घरी आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं? हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, डॉक्टरने. तुम्ही म्हणालात, "मग त्यांना काय सांगू, मला काय झालंय ते?" खरं तर तेवढंच सांगायचं होतं. ते दोन पावलं मागे सरकले असते, जिना उतरून गेले असते, आणि तुम्ही वाचला असतात. त्यांचं क्वार्टर वाचलं, हे तुम्हाला कळलं असतं तर बरं वाटलं असतं. मला वाटलं नाही.

पाचव्या दिवशी ताप. कॅन्सरच्या डॉक्टरचा फोन लागेना, तो स्वतःच पॉझिटिव्ह होऊन घरी पडला होता. दुसऱ्या दिवशी तुमचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आला आणि दुपारी सरकारी करोना कंट्रोल रूममधून फोन आला. बाईचा आवाज, थकलेला, पण कागदावरचं एकेक नीट वाचणारा. "पेशेंट की उम्र? ऑक्सीजन कितना है? कोई और बीमारी, शुगर, बीपी, दिल की, किडनी की, कैंसर?" तुम्ही समोर सोफ्यावर बसला आहात. कॅन्सर हा शब्द फोनमधून बाहेर ऐकू येतो आणि तुम्ही हात वर करता, तळवा माझ्याकडे, शिपायाला दारातच थांबवायचात तसा. मी म्हणते, "शुगर है. बस." ती म्हणते, ऑक्सीजन ठीक आहे, हल्के लक्षण, घर पर ही रखिए, गोळ्यांचं किट पाठवतो. आणि फोन ठेवते.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी तुमचे ओठ निळे पडले. बेड मिळायला दुपार गेली. वॉर्डच्या दारात एक डॉक्टरीण बाई तुमचा रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन मला विचारत होत्या, "इनके सफेद सेल इतने कम क्यों हैं?" तेव्हा मी सांगितलं. लिम्फोमा, मागच्या महिन्यात सलाईन, सगळं. त्या म्हणाल्या, "पहले दिन क्यों नहीं बताया? हम उसी दिन भर्ती कर लेते." मी विचारलं, बच जाते? त्या म्हणाल्या, कह नहीं सकते, ऐसे पेशेंट में कुछ नहीं कह सकते, पर चार दिन मिल जाते. मी म्हटलं, "पापा ने मना किया था." पुढे नागपूरच्या काकांना हेच सांगितलं, मंडळातल्या लोकांना हेच, त्या ज्युनिअरना तर दोनदा. तो वर केलेला हात मी इतक्या वेळा करून दाखवला आहे की आता तो मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा स्पष्ट दिसतो.

उद्या शिबिरवाल्यांकडून फॉर्म परत मागून 'हो' लिहिणार आहे. हे पत्र तुमच्या हिरव्या फाइलमध्ये, त्या कागदाच्या मागे लावीन. फाइल तशीही कुणी उघडत नाही, म्हणून शेवटचं लिहिते.

त्या दुपारी तुम्ही सोफ्यावर नव्हतात. आतल्या खोलीत झोपला होतात, दार ओढलेलं होतं. हात कुणी वर केला नव्हता. तिने कॅन्सर म्हटलं आणि मी आपणहून नाही म्हटलं. वर्षभर जी-जी माणसं विचारत होती त्यांना देऊन देऊन ते उत्तर तोंडात बसलं होतं, आणि फोन ठेवल्यावर वाटलं, ऑक्सिजन शहाण्णव आहे, आता परत कुठे लावत बसा. अर्ध्या तासाने तुम्ही भिंतीला धरत बाहेर आलात. कुणाचा फोन होता, विचारलंत. मी सांगितलं. तुम्ही खुर्चीत बसलात, थोडा दम खाल्लात, आणि म्हणालात, "लिम्फोमाचं सांगितलंस ना त्यांना?" या घरात तो शब्द तुम्ही पहिल्यांदाच उच्चारलात. मी म्हटलं, हो, सांगितलं.